अनुभव धागा: तुमच्या कामात देव कुठे भेटला?

वाडीकर_वसई
काल १ मे. येशूचा सांभाळ करणारा सुतार योसेफ, त्या श्रमिक संत योसेफाची मिस्सा (चर्चमधली उपासना) होती. पोप पायस बारावे यांनी १९५५ मध्ये हा सण मुद्दाम कामगार दिनालाच ठेवला. फादर म्हणाले, योसेफाचं एकही वाक्य शुभवर्तमानात नाही, आहे ते फक्त त्याचं वागणं. मला एकदम आमचे बाबा आठवले.

वाडीत वांगी, दुधी, मोगरा. पहाटेच्या गाडीने पाट्या दादरला. वर दिसेल तसंच वांगं तळाला, किडकं निघालं की गुरांना. काका म्हणायचे, गिऱ्हाईक थोडंच परत येतंय भांडायला? बाबा म्हणायचे, "ज्याच्यासाठी भरतो तो बघतो." धर्माबद्दल याहून जास्त बोललेलं मी त्यांना ऐकलं नाही. पण माझा विश्वास त्या पाट्यांवरच उभा आहे. तुमचंही लिहा ना.

सिस्टर_मिरज
ड्युटीवरून आत्ताच आले, कुकर लावलाय, पटकन लिहिते. माझं ट्रेनिंग मिरजेला, डॉ. वानलेसांनी १८९४ ला सुरू केलेल्या दवाखान्यात. एका आजोबांचा पाय शुगरने सडलेला, वासाने शेजारचा पेशंटही तोंड फिरवायचा. घरचं कोणी यायचं नाही. आमच्या इनचार्ज सिस्टर रोज खाली बसून तो पाय धुवायच्या, आजोबांशी पावसापाण्याचं बोलत. येशू शिष्यांचे पाय धुतो तो योहान १३ लहानपणापासून पाठ होता, पण कळला तिथे.

निनावी_पुणे
मला मात्र असं काही वाचलं की त्रास होतो. आधीच्या नोकरीत साहेब आपल्यातलेच. रविवारी उपासना बुडवून बोलवायचे, जादा पैसे नाहीत, वर बायबलमधल्या पौलाच्या पत्रातलं कलस्सै ३:२३ ऐकवायचे. "प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा." सोडली शेवटी.

नगरची_मावशी
सलाम सर्वांना. बाळा, त्याच पत्रात जरा पुढे ४:१ वाच. पौल धन्यांना बजावतो, न्यायाने आणि समतेने वागा, तुम्हालाही स्वर्गात धनी आहे. अर्धं वचन दाखवून राबवून घेणाऱ्याचं ऐकू नये. आणि ते ज्यांना लिहिलं ते दास होते, त्यांना सोडून जायची सोय नव्हती. तुला होती, गेलास, चांगलं केलंस. आता काय करतोस? जेवतोस ना वेळेवर?

निनावी_पुणे
हो मावशी 🙏 शाळेची बस चालवतो. रविवार मोकळा. ४:१ कोणी दाखवलंच नव्हतं.

लेक_केडगावची
आमची पणजी दुष्काळात मुक्तीला, म्हणजे पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनला आली, पोरकी. तिथल्या छापखान्यात खिळे (छपाईची धातूची अक्षरं) जुळवायची. रमाबाईंनी हिब्रू-ग्रीकवरून बायबलचं भाषांतर केलं, ते छापायचं काम तिथल्या बायका-मुलींनी केलं. रमाबाई १९२२ ला गेल्या, पूर्ण बायबल १९२४ ला निघालं. पणजीला उलटी अक्षरं सरळ अक्षरांसारखी वाचता यायची! आजी सांगते, एक काना हुकला तर प्रभूचा शब्द हुकेल म्हणून ती ओळ पुन्हा पुन्हा तपासायची. घरादाराला जड झालेली पोर, आणि तिच्या हाती हे काम.

ठाणेकर
वाडीकर दादा, विषय सोडून विचारतो, वसईची सुकेळी (सुकवलेली केळी) कुठे मिळतील? आईला हवीत.

वाडीकर_वसई
सुकेळी करणारी घरं कमी राहिलीत आता. गावात विचारून सांगतो. लेक ताई, पणजींचं वाचून भरून आलं.

रूथची_आई
मी नोकरी करत नाही. सासूबाईंना अर्धांगवायू, दोन वर्षं त्यांचंच करते. मंडळीत सगळे विचारतात, "घरीच असतेस का?" हे काम म्हणून धरायचं का?

नगरची_मावशी
आदामाला बाग राखायला दिली तेव्हा पगार कुठे होता गं! धरायचंच.

सिस्टर_मिरज
ताई, आम्ही तिघी पाळीपाळीने करतो ते तू एकटी करतेस. एक सांगते, दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. हवेची गादी घेतली आहेस का? माकडहाडापाशी लाली दिसली तर चोळू नकोस, मला लगेच मेसेज कर.