सेरेसच्या योगांबद्दल लिहिताना ‘नर्चरिंग’ला काय म्हणावं?

विचारणा (महाल, नागपूर): जोडप्याच्या पत्रिका ताडून पाहताना लघुग्रह सेरेस आणि शुक्र-चंद्र यांच्यातले ‘ॲस्पेक्ट’ बघतात, त्यावरून ‘नर्चरिंग’ सांगतात. मराठीत ‘सेरेसची शुक्रावर दृष्टी असल्याने संगोपन उत्तम’ असं लिहिलेलं दिसतं. चालेल का?

उत्तर (धरमपेठ): नाही, दोन्ही शब्द चुकतात. दृष्टी ही पाराशरी, म्हणजे आपल्याकडच्या पारंपरिक ज्योतिषातली संज्ञा. ती राशीवरून मोजतात आणि एकतर्फी असू शकते: मंगळ आपल्यापासून चौथ्या-आठव्या राशीला पाहतो, तिथला ग्रह मंगळाला पाहीलच असं नाही. सेरेस सापडली १८०१ साली, तिला परंपरेने दृष्टी दिलेलीच नाही. पाश्चात्त्य पद्धतीत अंशांतर मोजतात, ते दोघांनाही सारखं लागू. म्हणून ‘योग’ म्हणा: युती (० अंश), लाभयोग (६०), केंद्रयोग (९०), नवपंचम (१२०), प्रतियोग (१८०). दीप्तांश, म्हणजे नेमक्या अंतरापेक्षा चालणारा कमी-जास्त फरक, २-३ अंशांपुरतेच ठेवा. आठ धरले तर कुणाच्याही पत्रिकेत काहीतरी सापडतंच.

संगोपन लेकराचं असतं. ‘बायकोचं संगोपन’ म्हटलं की बरोबरीचं नातं तिथेच मोडलं. पोषण ताटापाशी थांबतं. सेरेस धान्याची रोमन देवी, त्यामुळे तो मोह होतो खरा. निगा घराची किंवा आजाऱ्याची राखतात. इथे ‘जोपासना’ नेमका बसतो, कारण आपण नातंही जोपासतो. प्रत्यक्ष वागण्याबद्दल लिहायचं तर ‘जपणं’, ‘जीव लावणं’.

पुरवणी (काटोल): जोपासनेला माझंही मत. आपल्याकडे आंबिया बहारासाठी, म्हणजे हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्यासाठी, संत्र्याच्या बागेला डिसेंबर-जानेवारीत पाणी तोडून ताण देतात, तोही जोपासनेतच मोडतो. सेरेस-शनी योगाचं फलित लिहिताना ही छटा फार उपयोगी: माया आहे, पण मोजूनमापून, कर्तव्य म्हणून. सेरेस-शुक्र युतीला ‘खाऊ घालण्यातून प्रेम’ लिहा. सेरेस-चंद्र केंद्रयोगाला ‘एकाचं जपणं दुसऱ्याला पाळत वाटतं’ असं लिहिलं की वाचणाऱ्याला लगेच कळतं. ‘संगोपनात अडथळा’ने काहीच कळत नाही.

धरमपेठ: पाळत! अगदी चपखल. आता एक खबरदारी. दोन्ही पत्रिका सायन (वसंतसंपातापासून मोजलेल्या, पाश्चात्त्य) किंवा दोन्ही निरयन (स्थिर ताऱ्यांवरून मोजलेल्या, आपल्याकडच्या) हव्यात, कारण अयनांश, म्हणजे या दोन मोजण्यांमधला फरक, सुमारे २४ अंश आहेत. समजा एकाची सेरेस सायन वृषभ १२ अंशांवर, दुसऱ्याचा शुक्र सायन तूळ ६ वर. अंतर १४४, म्हणजे वरचा एकही योग नाही. तोच शुक्र निरयन पत्रिकेतून उचलला तर कन्या १२ येतो आणि तंतोतंत नवपंचम दिसतो, जो मुळात नाहीच. शिवाय चंद्र तासाला साधारण अर्धा अंश सरकतो, सेरेस दिवसभरातही तेवढी सरकत नाही. जन्मवेळ अंदाजाची असेल तर सेरेस-शुक्र योगावर लिहा, चंद्राचा योग सोडून द्या.