वाइनचे बुडबुडे अकराव्या दिवशी बंद, आणि चव अजून पाकासारखी गोड. बाटल्यांत भरू का?

तासगावचा_बंड्या

लोकहो, मदत पाहिजे, जरा लांबड लावतोय पण पूर्ण वाचा.

गेल्या वर्षी न्यू जर्सीत घर घेतलं, मागच्या अंगणात आधीच्या मालकानं लावलेला द्राक्षाचा जुना वेल आहे, कॉनकॉर्ड जातीचा. मी तासगावकडचा, द्राक्षबागेतच वाढलो म्हणा ना, पण आपल्याकडची द्राक्षं म्हणजे सोनाका नाहीतर तास-ए-गणेश, बी नाही काही नाही, तोंडात टाकली की संपली. ही कॉनकॉर्ड वेगळीच भानगड आहे, दाबलं की साल हातात राहते आणि गर बुळकन तोंडात, आत बिया, आणि वास असला की अत्तराची बाटली सांडल्यागत. खाऊन खाऊन किती खाणार. पक्षी आणि रकून त्यांचा वाटा घेऊन गेल्यावर पण सप्टेंबरच्या शेवटी 6 किलो निघाली, म्हटलं यंदा वाइन करू.

काय केलं ते सांगतो. द्राक्षं देठ काढून हातानं कुस्करली, प्लास्टिकच्या बादलीत (खाद्यपदार्थांची, नवीन), 3 लिटर पाणी, पावणेदोन किलो साखर, आणि ब्रेडचं यीस्ट एक पाकीट कारण घरात तेच होतं. पाच दिवस नुसता फेस, सालांचा जाड थर वर यायचा तो दिवसातून दोनदा लाकडी उलथन्यानं खाली दाबत होतो. मग पंचातून गाळून काचेच्या दोन मोठ्या जारमध्ये भरलं, साधारण 8 लिटर झालं असेल, तोंडाला फुगे बांधले आणि फुग्याला टाचणीनं भोक. फुगे ताठ उभे होते हो, पोरगी रोज जाऊन बघायची. अकराव्या दिवशी दोन्ही फुगे मान टाकून पडले. चव घेतली तर गोड मिट्ट, थोडी चढते पण गोड मिट्ट. जार गॅरेजमध्ये आहेत.

आई आलीये इकडे सहा महिन्यांसाठी, तिचं चाललंय "चांगल्या द्राक्षांचं वाटुळं केलंस, बेदाणं तरी घातलं असतंस". ह्या बियांच्या द्राक्षांचे बेदाणे कोण खाणार पण तिला सांगून उपयोग नाही.

तर झाली का वाइन? बाटल्यांत भरू का?

पुणेरी_खवचट

बुडबुडे थांबले म्हणजे झालं की. भरा आणि पाठवा इकडे दोन.

लेस्टरचा_लेले

अजिबात भरू नका!!! खवचटराव, असे सल्ले देऊ नका हो, मी ह्याच सल्ल्यावर चाललो होतो.

आमच्याकडे इंग्लंडात रस्त्याकडेला ब्लॅकबेरी फुकट मिळतात, ऑगस्टमध्ये तोडून आणल्या, वाइन केली, बुडबुडे थांबले, चव गोड, मी खूश. स्प्रिंगच्या झाकणाच्या सहा बाटल्या भरून जिन्याखालच्या कपाटात ठेवल्या. हिवाळ्यात हीटिंग सुरू झालं आणि एका रात्री तीन वाजता ढप्प आवाज, बायको म्हणाली चोर आला. खाली गेलो तर दोन बाटल्या फुटलेल्या, एका बाटलीचा बूड पार बुटांच्या खणात, आणि भाड्याच्या घराची पांढरी भिंत जांभळी. बाकीच्या चार बाटल्या कशा उघडायच्या हा वेगळाच प्रश्न, जाड टॉवेल गुंडाळून स्कीचा गॉगल घालून एकेक उघडली, कारंजं छताला. डिपॉझिटमधून रंगाचे पैसे गेले ते गेलेच.

यीस्ट मेलेलं नसतं, झोपलेलं असतं. साखर शिल्लक असली की ऊब मिळाल्यावर उठतं.

शिराझ_नाशिक

लेले म्हणतायत ते शंभर टक्के बरोबर. मी आठ हंगाम वाइनरीत काढलेत, सध्या दुसरं काम करतो पण डोकं अजून तिथंच आहे.

बंड्याभाऊ, बुडबुड्यांवर जाऊ नका, फुगा थंडीनंही पडतो, गळतीनंही पडतो. हायड्रोमीटर घ्या, काचेची तरंगणारी नळी असते, घनता दाखवते (साधं पाणी 1.000, साखर जास्त तसा आकडा वर), स्वस्त मिळते. तोवर कागदावर हिशोब करू. कॉनकॉर्डच्या रसात साखर कमीच असते, 16 ब्रिक्स धरा, म्हणजे शंभर ग्रॅम रसात 16 ग्रॅम साखर. 6 किलोतून 4 लिटर रस, त्यातली साखर साडेसहाशे ग्रॅम. वर तुमची पावणेदोन किलो. म्हणजे 2400 ग्रॅम साखर 8 लिटरमध्ये, लिटरला 300 ग्रॅम. आता ढोबळ नियम असा की लिटरमागे 17 ग्रॅम साखर आंबली की 1 टक्का अल्कोहोल होतं. भागा. साडेसतरा टक्के!! एवढं अल्कोहोल ब्रेडच्या यीस्टच्या बापाला जमणार नाही, ते 9-10 टक्क्यांना धापा टाकायला लागतं. त्यात गॅरेज, ऑक्टोबर, थंडीनं यीस्ट सुस्तावतं. म्हणजे दोन्ही बाजूंनी मार.

थोडक्यात वाइन झालेली नाही, अडकलीये. आमच्याकडे टाकी अशी अडकली की साहेब लोक झोपायचे नाहीत.

वसईवाली

इथं आमच्या आजीची आठवण आली म्हणून लिहिते. आमच्याकडे नाताळाला घरची वाइन असायचीच, काळ्या मनुकांची. मनुका ठेचून, साखर, उकळून गार केलेलं पाणी, थोडं यीस्ट, मूठभर गहू, दालचिनी-लवंग, सगळं चिनी मातीच्या बरणीत, वर दादरा बांधलेला. 21 दिवस रोज एकदा लाकडी चमच्यानं ढवळायचं, आणि ते काम ज्याला दिलंय त्यानंच करायचं, दुसऱ्यानं हात लावला की आजी ओरडायची. वाइन गोडच असायची, पण कधी काही फुटल्याचं आठवत नाही.

शिराझ_नाशिक

ताई, फुटणार कशी, बूच घट्ट लावलेलंच नव्हतं! दादऱ्यातून गॅस निघून जातो. आणि ती नाताळात संपत असणार, उन्हाळा बघायला शिल्लकच राहत नसेल. गहू घालायचे त्यातही अर्थ आहे, यीस्टला नुसती साखर पुरत नाही, थोडं पोषण लागतं. फक्त बरणी जास्त दिवस उघडी राहिली की चिलटं येतात, चिलटांबरोबर व्हिनेगरचे जंतू येतात, मग सॅलडवर घाला.

वसईवाली

संपायचीच, सव्वीस तारखेला बरणी धुवायला. :)

आळशी_अण्णा

एक भाबडा प्रश्न. घरी केलेल्या दारूनं डोळे जातात म्हणतात ना? मिथेनॉल वगैरे? आणि पुण्यात फ्लॅटमध्ये हे करता येईल का?

शिराझ_नाशिक

अण्णा, फळातल्या पेक्टिनमुळे वाइनमध्ये मिथेनॉल होतं पण अगदी किंचित, दुकानातल्या वाइनमध्येही असतंच. डोळे जातात ते विषारी दारूनं, म्हणजे कारखान्यातलं मिथेनॉल कुणीतरी त्यात मिसळलेलं असतं. आंबवणं वेगळं, भट्टी लावून गाळणं वेगळं, गाळायच्या नादाला घरी कुणीच लागू नये.

पुण्यात नाही करता येणार. आपल्याकडे 1949 चा दारूबंदी कायदा आहे, लायसनशिवाय मद्य बनवणं गुन्हा, मग ते भट्टीवर असो की तुमच्या बाल्कनीत. तुम्ही अण्णा आळशीच राहा. बंड्याभाऊंना चिंता नाही, अमेरिकेत केंद्राच्या कायद्यानं घरात दोन सज्ञान माणसं असतील तर वर्षाला 200 गॅलनपर्यंत घरच्यापुरती चालते, विकायची नाही.

पुणेरी_खवचट

200 गॅलन घरच्यापुरती! केवढं ते घर.

तासगावचा_बंड्या

हायड्रोमीटर आला. 1.040 दाखवतोय. गॅरेजमध्ये थर्मामीटर लावला तर सकाळी 13 डिग्री. आता काय करू? नवीन यीस्ट आणलंय, ईसी-1118, आणि पोषणाची पावडर. ओतू का सरळ?

शिराझ_नाशिक

सरळ ओतू नका, 10 टक्के अल्कोहोलमध्ये कोरडं यीस्ट टाकलं की पाकीट वाया. सुरुवातीला तुमची घनता 1.115 च्या आसपास असणार, तिथून 1.040 म्हणजे पावणेदहा टक्के झालंय. हिशोब जुळला बघा.

आधी जार घरात आणा, 20-22 डिग्रीला. मग 2 लिटर पाणी मिसळा, हो पाणीच, कॉनकॉर्ड आंबट असतं त्यामुळे फार पुळकट लागणार नाही, आणि शेवटचं अल्कोहोल 14 च्या घरात येईल, जे ह्या यीस्टला झेपतं. आता यीस्ट वाटीभर कोमट पाण्यात वीस मिनिटं भिजवा, हाताला कढत लागता कामा नये. फेसाळलं की त्यात चिमूटभर पोषण आणि अर्धी वाटी वाइन. परत फेस येईपर्यंत थांबायचं, मग एक वाटी, मग दोन. नवीन सुनेला घरात रुळवतात तसं. दीड-दोन दिवसांत लिटरभर उसळतं मिश्रण (ह्यालाच स्टार्टर म्हणतात) झालं की ते मोठ्या जारमध्ये. जार काठोकाठ भरू नका, दोनाचे तीन करा, फेसाला जागा लागते. आणि तो फुगा काढून साधा एअरलॉक लावा हो आता, म्हणजे गॅस बाहेर जाऊ देणारं पण हवा आत न येऊ देणारं पाण्याचं बूच.

लेस्टरचा_लेले

मी सुनेचं उदाहरण बायकोला वाचून दाखवलं, तिनं नुसतं बघितलं माझ्याकडे.

तासगावचा_बंड्या

अपडेट. एअरलॉक लावले तर पोरगी रुसली, फुगेच पाहिजेत म्हणून, मग एका जारला रिकामाच फुगा शोभेला बांधलाय. पाणी घातल्यावर 1.032 होतं. स्टार्टर पहिल्यांदा केला तो मेला, माझीच चूक, घाई करून एकदम मोठा ग्लास ओतला. दुसरं पाकीट आणलं, ह्या वेळी आईनं ताबा घेतला, म्हणाली दह्याचं विरजण मी चाळीस वर्षं लावतेय, तू सर बाजूला. डाळीच्या वाटीनं मोजून मोजून घालत होती, रात्री उठून बघून आली. आज बारावा दिवस, 1.010, आणि अजून दर सात-आठ सेकंदांनी एक बुडबुडा. पाकाची चव गेली, आता जरा तोंड तुरट होतंय.

भरायची कधी?

शिराझ_नाशिक

काकूंना साष्टांग नमस्कार.

1.000 च्या खाली जाऊ दे, मग आठवड्याच्या अंतरानं दोनदा मोजा, आकडा हलला नाही तर थांबली. तळाला गाळ बसेल, त्याला न ढवळता वरची वाइन नळीनं दुसऱ्या स्वच्छ जारमध्ये काढा, आता फेस नाही, तेव्हा हवा राहू नये म्हणून काठोकाठ भरा, थोडं सल्फाइट (वाइन टिकवायची पावडर), आणि मग दोन-तीन महिने तिकडं बघायचंच नाही. मार्चमध्ये बाटल्या.

तासगावचा_बंड्या

आईचं परतीचं तिकीट फेब्रुवारीचं आहे. ती म्हणतीय, पुढं ढकल.