बँडविड्थचे तीन ठिकाणी तीन आकडे, खरा कुठला?

पहाटवेळ:
काकड आरती आणि अभंगांच्या जुन्या ध्वनिमुद्रणांची छोटी साइट चालवते. सर्व्हर क्लाउडवर. कार्तिकात पहाटे साडेचार-पाचला गर्दी उसळते. त्या महिन्यात एनजिनएक्सच्या (वेब सर्व्हरच्या) लॉगमधल्या बाइट्सची बेरीज आली ६२८ जीबी, व्हीएनस्टॅट (सर्व्हरची डेटा-वाहतूक मोजणारं टूल) दाखवतं ६१०, आणि बिलात ६५५! वर बिलातला रोजचा आलेख एक दिवस मागे, एकादशीची गर्दी दशमीला. मला कोणी गंडवतंय का?

जुना_नॉकवाला:
नाही हो ताई, तिन्ही बरोबर आहेत. व्हीएनस्टॅट १०२४च्या पटीत मोजतं, बिल १०००च्या. जीबीपर्यंत हा फरक तीनदा गुणला जातो, म्हणून ६१० ला १.०७४ ने गुणा, ६५५ येतील. राहिला लॉग. त्यात 'बॉडी_बाइट्स_सेंट' असेल तर ते नुसत्या फाइलचे बाइट. तारेवरून जाताना १५०० बाइटांच्या प्रत्येक पॅकेटात ४०-५२ बाइट टीसीपी-आयपीच्या हेडरचे, शिवाय टीएलएसचे (https च्या एन्क्रिप्शनचे), आणि ऐकणाऱ्याची रेंज गेली की तीच पॅकेटं परत. चारेक टक्के तिथेच गेले. मीटर बारदानासकट वजन करतो.

दशमीचं म्हणाल तर बिलाचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागच्या जागतिक प्रमाणवेळेवर आहे. तिथली तारीख आपल्याकडे पहाटे साडेपाचला बदलते, त्यामुळे तुमची अख्खी काकड आरती आदल्या दिवसाच्या खात्यात. १ तारखेची मागच्या महिन्यात.

रॅकमें_रहो:
मग ९५ पर्सेंटाइलवाली जागा बघा ना डेटा सेंटरमध्ये. दर ५ मिनिटांना वेग नोंदवतात, ३० दिवसांच्या ८६४० नोंदी, वरच्या ४३२ (५ टक्के) सोडून देतात आणि उरलेल्यातल्या सर्वात जास्त वेगावर बिल लावतात. म्हणजे ३६ तास माफ! रोजची तासभर गर्दी त्यात आरामात बसते.

जुना_नॉकवाला:
हिशोब चोख आहे, पण इथे उपयोग नाही. महिन्याला ६५५ जीबी म्हणजे सरासरी जेमतेम २ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट). किमान कमिट, म्हणजे वापरा न वापरा ज्याचे पैसे भरावेच लागतात तो वेग, त्याच्या कितीतरी पट असतं, भरत बसाल.

ताई, त्यापेक्षा प्लेअरचं 'प्रीलोड' बघा. 'ऑटो' असेल तर पान उघडल्याबरोबर ब्राउझर फाइल ओढायला लागू शकतो. कोणी ऐको न ऐको, बाइट गेले की मीटर पडला. 'नन' करून टाका.

पहाटवेळ:
प्लेअर आयता घेतलाय, 'ऑटो'च दिसतंय. मुख्य पानावर एकाखाली एक १२ अभंग आहेत.

जुना_नॉकवाला:
१२? मग बिलाचं राहू द्या, आधी ते करा.