सायकल शर्यतीत आता पायांपेक्षा कॅल्क्युलेटर जास्त चालतो का?

मांडवीकर

मंडळी, जुलै आहे, बाहेर धो धो कोसळतोय, सायकल पडवीत टांगून ठेवलेली आणि संध्याकाळी टूर द फ्रान्स. आमचा हा दरवर्षीचा नेम. पण यंदा बघताना सारखी जांभई येत्येय, म्हणून विचारतो.

भाची आमच्याकडे राहून रत्नागिरीला शिकते. सायकलीचं वेड माझंच लागलेलं, पण तिचा एक ऑनलाइन कोच आहे आणि सायकलीला पॉवर मीटर, म्हणजे पाय किती वॅट जोर लावतायत ते मोजणारं यंत्र. एप्रिलमधली गोष्ट. आरेहून वारेकडे जाणारा चढ, डाव्या हाताला समुद्र, आणि मागून गणपतीपुळ्याची एसटी आली. चढाला ती आमच्यापेक्षा जेमतेम पुढे सरकत होती, काळा धूर सोडत. माझं वय झालंय, पण एसटी दिसली की पाय ऐकत नाहीत. लागलो मागे. वर पोचलो तेव्हा डोळ्यांपुढे काजवे, आणि कंडक्टर मागच्या काचेतून बघून हसतोय. भाची सावकाश आली. धापसुद्धा लागली नव्हती. म्हणे, "मामा, आज झोन टू आहे माझा, म्हणजे हलका सराव. एकशेतीस वॅटच्या वर जायचं नाही." एवढा समुद्र पसरलेला आणि ही हँडलवरच्या काडेपेटीएवढ्या पडद्याकडे बघत्येय!

व्यावसायिकांचं तेच झालंय की नाही? २०१२ पासूनची ती टीम स्काय आठवा. पाच-सहा जण एका रांगेत, ठरलेल्या वॅटवर घाट चढतायत, मागच्या कोणाची पुढे निसटायची टापच नाही. त्यांचा फ्रूम तर रस्त्यापेक्षा स्क्रीनकडे जास्त बघायचा. टूरचे संचालक क्रिस्तियाँ प्रुदोम स्वतः म्हणाले होते की शर्यतीतून पॉवर मीटर काढून टाका. कोणी ऐकलं?

फ्रान्सचा बर्नार इनो १९८० साली बेल्जियममधल्या लिएज-बास्तोन-लिएज शर्यतीला बर्फात निघाला. पावणेदोनशेच्या आसपास सुटले, पोचले २१ जण. हा नऊ मिनिटांहून जास्त अंतराने पहिला, आणि दोन बोटं कायमची बधिर झाली. त्याच्या हँडलवर पडदा असता तर त्याने काय सांगितलं असतं? "साहेब, घरी जा." हो की नाही?

तेव्हा प्रश्न असा: शास्त्राने या खेळातला जीव काढून घेतला, की मीच म्हातारा झालो?

दाभोळ_फेरीबोट

दुसरं. (हलके घ्या.)

हे रडगाणं टूरइतकंच जुनं आहे. टूर सुरू करणारा आंरी देग्रांज गिअर बदलायच्या यंत्रावर असाच भडकायचा. ज्याच्या पायांत दम नाही त्याच्यासाठी ही सोय, असं त्याचं मत. टूरमध्ये डिरेलर, म्हणजे तेच यंत्र, यायला १९३७ उजाडलं. तोवर उतरायचं, चाक काढायचं, उलटं लावायचं आणि दुसऱ्या दात्यावर पुढे जायचं. आज कोणी म्हणतो का, की गिअर आला आणि मजा गेली?

आणि पडदा नसतानाच्या ज्या काळाच्या आठवणीने तुम्ही गहिवरता, त्यातला बराचसा जोश सुईतून आलेला. रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण ५० टक्क्यांच्या वर गेलं तर शर्यतीबाहेर, असा नियम १९९७ साली करावा लागला. १९९९ च्या जिरोत, म्हणजे इटलीच्या टूरमध्ये, पान्तानी सगळ्यात पुढे, म्हणून गुलाबी जर्सीत असताना त्याच चाचणीवर बाहेर गेला. ते पण शास्त्रच होतं काका, फक्त चोरीचं. भाचीचा पडदा परवडला.

सुरंगी

मांडवीकर काका, मी चिपळूणला गणित शिकवते आणि कुंभार्ली हा माझा नेहमीचा घाट. आकड्यांची बाजू घेणार हे उघड आहे, पण तुमचा मुद्दा मला सगळाच चुकीचा वाटत नाही. राग मात्र भलत्या वस्तूवर निघतोय.

पेडलच्या आसात किंवा क्रँकवर एक बारीक पट्टी चिकटवलेली असते. पाय दाबला की तिथला धातू वाकतो, डोळ्यांना दिसणार नाही इतका, आणि पट्टीचा विद्युत रोध बदलतो. त्यावरून जोर कळतो, जोराला क्रँकच्या लांबीने आणि फिरण्याच्या वेगाने गुणलं की वॅट. एवढंच ते यंत्र. उलरिख शोबरर नावाच्या जर्मन इंजिनिअरने ते १९८६ च्या सुमारास बनवलं. त्याआधी लोक वेगावर आणि नाडीवर सराव करत.

हे दोन्ही आपल्याकडे किती फसवे आहेत ते तुम्हाला सांगायला नको. भाट्ये ते पावस सकाळी वारा पडलेला असताना जा, आणि दुपारी समुद्रावरून वारा सुटल्यावर जा. पाय तेच, वेग भलताच. नाडीचं तर विचारूच नका. अंग थंड व्हायला घाम वाळावा लागतो, आणि मे महिन्यात आपला घाम वाळत नाही, नुसता टपकतो. मग रक्त कातडीकडे वळतं आणि तेवढ्याच कामाला हृदय जास्त ठोके टाकतं. पोफळीच्या वर घाट लागतो तिथे डिसेंबरात १५० वॅटला माझी नाडी १४० असते, मेमध्ये त्याच १५० वॅटला १६०. नुसती नाडी बघून चालवत होते तेव्हा दर उन्हाळ्यात वाटायचं आपली तब्येत ढासळली. मीटरने ती भीती घालवली. कोकणात मीटर ही चैन नाही, असं माझं स्पष्ट मत.

आता तुमची ती स्कायची रांग. तिच्यात मीटरपेक्षा पैसा जास्त होता. २०१२ साली टूर जिंकणाऱ्या विगिन्सला घाटात पुढे राहून, वारा अंगावर घेऊन ओढत कोण होतं? फ्रूम, जो पुढे स्वतः चार वेळा टूर जिंकला. आणि रिची पोर्ट, जो २०२० ला तिसरा आला. इतर संघांत जे पुढारी झाले असते ते इथे पाणके म्हणून ठेवलेले. अशा लोकांना तुम्ही घड्याळसुद्धा देऊ नका, तरी ते बाकीच्यांचा दम काढतीलच.

आणि तोच फ्रूम २०१८ च्या जिरोत. शेवटून तिसरा दिवस, हा तीन मिनिटांहून जास्त मागे. कोल्ले देल्ले फिनेस्त्रे, वरचा अर्धा रस्ता कच्चा, धुळीचा. तिथे सुटला तो ८० किलोमीटर एकटा, आणि दिवस संपला तेव्हा गुलाबी जर्सी त्याच्या अंगावर. सगळे म्हणाले, वा, जुन्या काळातली शर्यत! त्यामागचं काम मात्र नव्या काळातलं. कुठे किती खायचं याचा हिशोब आधीच मांडलेला. चढावर ठिकठिकाणी संघाची माणसं बाटल्या घेऊन उभी, म्हणजे याला अंगावर वजन वागवायला नको. हिशोब पक्का होता म्हणूनच एवढं धाडस करता आलं. गुलाबी जर्सीवाला सायमन येट्स त्या दिवशी पार कोसळला, अर्ध्या तासाहून जास्त मागे पडला. आणि २०२५ ला त्याच फिनेस्त्रेवर, त्याच येट्सने दुसऱ्याच्या अंगावरची गुलाबी जर्सी काढून घेऊन जिरो जिंकला. जर्सीवाला देल तोरो आणि दुसरा दावेदार कारापास एकमेकांवर डोळा ठेवून बसले आणि हा निघून गेला. त्या दोघांकडे मीटर नव्हते का? होते की. "आधी तू ओढ" यावर मीटरकडे उत्तर नसतं.

माझी लाडकी शर्यत अजून वेगळी. टोकियो ऑलिंपिक, २५ जुलै २०२१, महिलांची रोड रेस. ऑस्ट्रियाची आना कीझनहोफर. गणितात पीएच.डी., कुठल्याही व्यावसायिक संघाशी करार नाही, कोच नाही, सरावाचं सगळं गणित तिचं तिनेच मांडलेलं. झेंडा पडल्या पडल्या ती दोघी-चौघींबरोबर सुटली, आणि शेवटचे चाळीसेक किलोमीटर एकटी. मागे नेदरलंड्सच्या चौघी, प्रत्येक जण विजेतीच्या तोडीची. पण ऑलिंपिकमध्ये संघाच्या गाडीतून कानात बोलणारा रेडिओ नसतो. पुढच्या दोघींना पकडल्यावर त्यांना वाटलं, संपलं, आता पुढे कोणी नाही. त्यांच्यातल्या फान फ्लॉयटनने रेषा ओलांडताना हात वर केले, आणि मग कळलं की सोनं ७५ सेकंदांपूर्वीच गेलंय! मी त्या दिवशी घरात एकटी टाळ्या वाजवत होते.

बघा, इथे आकड्यांत सगळ्यात मुरलेली बाई सगळ्यात वेडी चाल खेळली. आणि ती फळली कशामुळे? मागच्यांना माहिती नव्हती म्हणून. आपला आकडा आपल्याला माहीत असण्याने शर्यत मरत नाही. कोण किती पुढे आहे, किती वेगाने पाठलाग केला म्हणजे रेषेच्या दोन किलोमीटर अलीकडे तो हाती लागेल, हे गाडीत बसलेला माणूस कानात सांगतो तेव्हा मरते. काढायचाच असेल तर रेडिओ काढा. मीटर राहू द्या.

आंबोलीचो_घाट

खरा सांगू? माका ह्या वॅटाचा काय एक कळणा नाय. पण झिलाक मीटर घेऊन दिलंय तेव्हापासून तो दाणोलीसून वरपर्यंत एकदाव उतराक नाय. आदी काय करी, खालीच सगळो जोर काढी आणि धबधब्याच्या अलीकडे कठड्यार बसान ऱ्हवी. आता बापाशीक मागे टाकता आणि मी पोचासर चाय पिऊन तयार. मजा गेली काय ता त्याका इचारा. माझी गेली.

मांडवीकर

आंबोलीवाले, तुमचं दुःख मला पोचलं.

सुरंगीताई, रेडिओचं पटलं. कीझनहोफरची शर्यत मी बघितलेली नाही, शोधतो. पण सगळं खापर रेडिओवर फोडून तुम्ही मीटरला सोडवताय, ते नाही चालायचं. दोन गोष्टी राहतात.

एक म्हणजे खाणं. आमच्या वेळी वाचायचो की नावाजलेला गडी शेवटच्या घाटात रिकामा झाला, पाय गोळा झाले, पाच मिनिटांत सगळं घालवून बसला. आता म्हणे तासाला १२० ग्रॅम साखर पोटात जाते. पूर्वी साठ ग्रॅमवर आतडं थकतं असं मानत. मग ग्लुकोज आणि फ्रुक्टोज वेगवेगळ्या वाटांनी शोषले जातात हे कळलं आणि दोन्ही मिसळून पाजायला लागले. भाचीलाही कोचने तेच सांगितलंय. ती बिचारी खिशात आंबापोळीच्या वड्या घेऊन जाते, विकतच्या जेलपेक्षा बऱ्या म्हणते, आणि त्यात मला काही खोट दिसत नाही. पण कोणी कोसळायचंच नाही असं ठरल्यावर आम्ही बघायचं काय?

दुसरं, पोरं. सतरा-अठराव्या वर्षी आकडे बघून संघात घेतात असं ऐकतो. शर्यत वाचायची अक्कल, गर्दीत घुसायचं काळीज, हे कुठल्या रकान्यात भरतात? मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाटात "घाटाचा राजा" ठरायचा तो कागदावर ठरत नव्हता.

सुरंगी

आंबापोळीचं मी चोरणार आहे. :)

कोसळण्याबद्दल: २०२३ ची टूर, सतरावा दिवस, कोल द ला लोझचा घाट. आधी दोनदा टूर जिंकलेला पोगाचार. मीटर, साखर, रेडिओ, सगळं जवळ होतं. घाटात रेडिओवर त्याचाच आवाज आला: मी संपलो, मी मेलो. प्रतिस्पर्धी विंगेगोपेक्षा पावणेसहा मिनिटं मागे पडला. टूर गेली. (रेडिओला शिव्या दिल्या, पण हे ऐकायला मिळालं ते त्याच्यामुळेच, मान्य.) शरीराचा आकडा रोज तोच नसतो. झोप, उष्णता, आधी पडून झालेली दुखापत. मीटर फार तर तुम्ही कोसळताय हे तुम्हाला दोन मिनिटं आधी सांगतो.

पोरांबद्दल मात्र मी तुमच्याशी भांडणार. ऑस्ट्रेलियाच्या जे वाइनला २०२० साली झ्विफ्ट या ऑनलाइन सायकलिंगच्या स्पर्धेतून व्यावसायिक करार मिळाला. म्हणजे सुरुवातीची निवड घरातल्या ट्रेनरवर सायकल लावून काढलेल्या आकड्यांवर. दोन वर्षांनी त्याने व्हुएल्टात, म्हणजे स्पेनच्या टूरमध्ये, दोन टप्पे जिंकले. त्याच शर्यतीत पडून बाहेरही गेला. गर्दीत चालवायचं कसब पडवीत शिकता येत नाही, इथपर्यंत तुमचं बरोबर. पण विचार करा, देवरुखच्या किंवा तुमच्या मांडवीच्या मुलीला बेल्जियममध्ये कोण बघायला येणार आहे? तिच्या ओळखी नाहीत, तिथे जाऊन वर्षभर शर्यती खेळण्याइतके पैसे नाहीत, चार महिने पाऊस. वीस मिनिटांत किलोमागे किती वॅट निघाले हा आकडा मात्र इथून तिथे जातो, आणि तो काढणाऱ्याचं आडनाव कोणी विचारत नाही. तो आकडाच काढून टाकलात तर निवड पुन्हा तिथल्या क्लबच्या ओळखीपाळखीवर जाईल.

मीही कुठेतरी रेघ मारते. उंचीवरच्या सरावाचा परिणाम मोजायला म्हणून काही संघ कार्बन मोनॉक्साइड हुंगवत होते. विषारी वायू! सायकलिंग महासंघाने फेब्रुवारी २०२५ मध्ये तो पुन्हा पुन्हा हुंगण्यावर बंदी घातली, ते उत्तम झालं.

आणि जागतिक स्पर्धेतही रेडिओ नसतो, मीटर मात्र चालतो. तुमच्या प्रश्नासाठी याहून चांगला नमुना नाही. २०२४ ची ज्यूरिखची शर्यत काढा, शेवटचे शंभर किलोमीटर. पोगाचार तिथूनच सुटतो. त्याच्याकडे बघू नका, मागच्यांकडे बघा. सगळे तयारीचे, पण प्रत्येकाला वाटतंय की दुसऱ्याने ओढावं, आणि कोणाचा हात मागे बोलावतोय, कोण मान हलवून नकार देतोय, ते सगळं कॅमेऱ्यात आलंय.