बुरखा, मतदान आणि २ रुपये
कुणीतरी म्हटलंय, बुरख्यातल्या बाईची मतदान केंद्रावर ओळख पटत नाही, म्हणून तिथे बुरख्याला बंदीच हवी. पण निवडणूक संचालन नियम, १९६१ मध्ये याची सोय आहे. केंद्राध्यक्ष (मतदान केंद्राचा प्रमुख अधिकारी) मदतीला महिला नेमू शकतो. रावेर-भुसावळकडे बुरखाधारी मतदार जास्त असलेल्या केंद्रावर ती आधीच नेमलेली बरी. तिने आडोशाला नकाब वर करायला सांगायचा, चेहरा ओळखपत्राशी ताडायचा, मगच शाई. आडोसाच केला नसेल तर घोळ होतो: रांग तुंबते, बाई संकोचते, उमेदवारांचे प्रतिनिधी ओरडतात. शंका असलेल्या प्रतिनिधीने २ रुपये भरून आक्षेप घ्यावा, केंद्राध्यक्ष तिथेच चौकशी करतो. आक्षेप खोडसाळ निघाला तर पैसे जप्त. (आरडाओरडा मात्र फुकट!) मतदार बाईच्या नावावर आधीच कुणी मत टाकलं असेल, तर ओळख पटवून तिला प्रदत्त मत (टेंडर्ड व्होट) देता येतं, यंत्रावर नाही, कागदी मतपत्रिकेवर.