दिवंगत गावकऱ्यांची स्मरणपुस्तिका: खात्रीच्या नोंदी कुठे मिळतील?

कृष्णाकाठ: वाळवा तालुक्यातल्या गावाची पुस्तिका यात्रेपर्यंत छापायची आहे. शाळा, पाणी सोसायटी, तालीम ज्यांनी उभी केली त्यांची साठेक नावं जमलीत. पण मृत्यूचं साल घरोघर वेगळं सांगतात आणि शाळेला जमीन कुणी दिली यावरून भावकीत वाद आहे. कागद कुठला धरावा?

जुनं दप्तर: सालासाठी आधी ग्रामपंचायतीचं मृत्यू रजिस्टर. मृत्यूची तारीख आणि नोंदणीची तारीख वेगळी असते, घाईत दुसरीच उतरवली जाते. त्याआधीच्या काळासाठी कोतवाल बुक, म्हणजे जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही (गाव नमुना १४), तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये मागा. जुनी पानं मोडी लिपीत असतात, वाचणारा सोबत न्या. तिथं आडनाव नसलं तरी ‘बिन’ (अमक्याचा मुलगा), ‘कोम’ (अमक्याची बायको) यावरून माणूस सापडतो. १९४९ पूर्वीच्या कागदावर जिल्हा सातारा दिसेल, ते बरोबरच आहे; त्या साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली नाव मिळालं.

घरच्यांना तिथी आणि शक आठवत असेल तर इसवी सनासाठी शकात ७८ मिळवा. पौष ते फाल्गुनातली तिथी असेल आणि १ जानेवारी उलटला असेल तर ७९. एका वर्षाचा घोळ बहुतेक इथंच होतो.

फेरफार: जमिनीचा वाद तोंडी मिटत नाही. जुन्या सातबाऱ्यावर वर्तुळात लिहिलेले आकडे हे फेरफार क्रमांक, म्हणजे मालकी-हक्क बदलल्याच्या नोंदीचे क्रमांक. त्या नोंदीचा उतारा (गाव नमुना ६) काढा, त्यात बक्षीसपत्र, खरेदी की अदलाबदल ते स्पष्ट असतं. मोबदला घेतला असेल तर ‘दान’ छापू नका, खऱ्या दात्यांवर तो अन्याय होतो. नोंद सापडलीच नाही तर ‘ग्रामस्थांच्या सांगण्यानुसार’ एवढंच लिहा.

माहेरवाशीण: साठातल्या बायका किती? सुईणी, भजनी मंडळ चालवणाऱ्या यांची नावं कुठल्याच ठरावात नसतात. त्यांच्यासाठी ऐंशीच्या पुढच्या आजींकडे बसा, आणि माहेरचं गाव-नाव नक्की विचारा. नाहीतर ‘अमक्याच्या आई’ एवढंच उरतं.

कृष्णाकाठ: फक्त चार. पुन्हा घरोघर फिरतो. जुने फोटो काचेला चिकटलेत, त्यांचं काय करायचं?

फेरफार: ओढून काढू नका, चेहऱ्याचा थर काचेवरच राहतो. फ्रेमसकट खिडकीजवळ ठेवा, फ्लॅश बंद, कॅमेरा थोडा तिरका धरून टिपा. सुटे पासपोर्ट फोटो ६०० डीपीआयला स्कॅन करा. छापण्याआधी प्रत्येक पान त्या घरात वाचून दाखवा आणि सही घ्या.