अर्धंच भाडं येतंय, त्यात मेहुणाही मुक्कामाला. काय करू?

वरचा मजला: वरच्या मजल्यावर एक जोडपं भाड्याने राहतं. आधी भाडं वेळेवर यायचं. मग उशीर, मग अर्धं, आणि हल्ली नुसतं "पुढच्या आठवड्यात नक्की". चार दिवसांसाठी आलेला भाडेकरूचा मेहुणा गादी-पंखा घेऊन कायमचाच राहिलाय. करारात नावं दोघांचीच. माणसं गोड आहेत हो, जिन्यात भेटली की मलाच मागायला अवघड होतं. हे म्हणतात वीज तोड, आपोआप जातील. तोडू का? आणि पुढचा भाडेकरू कसा पारखायचा?

रोखठोक: खुशाल तोडा. मी तर कुलूपच बदललं असतं. पुढच्या वेळी फक्त कुटुंबालाच द्या.

जुनी किल्ली: ताई, हे अजिबात करू नका. वीज-पाणी तोडलंत की थकबाकीदार तो असूनही आरोपी तुम्ही होता.

आधी हिशोब मांडा: कुठल्या महिन्याचं किती आलं, कधी आलं, बाकी किती. मुदत घालून लेखी पाठवा, पोच जपून ठेवा. जिन्यात हसा-बोला, पैशाचा विषय मात्र कागदावरच. मेहुण्याबद्दलही आत्ताच लिहा, नाहीतर उद्या "तुम्हाला माहीतच होतं की" ऐकावं लागेल. घर सोडायची नोटीस दिल्यावर भाडेकरूने थोडे पैसे पुढे केले, तर वकिलाला विचारल्याशिवाय घेऊ नका. नोटीस तुम्हीच सोडून दिलीत असा अर्थ निघू शकतो.

नोकरी गेली असेल तर बोलून सोडवा. मी एका भाडेकरूला थोडी बाकी माफ केली, वर टेम्पोचे पैसेही दिले. घरचे अजून हसतात. पण कोर्टकचेरीपेक्षा ते स्वस्तच पडलं.

नवा भाडेकरू घेताना त्याच्या आत्ताच्या मालकाला नाही, त्याच्या आधीच्या मालकाला फोन करा. आत्ताच्याला तो नकोसा झाला असेल तर तारीफच करणार! काही जण मालक म्हणून मित्राचाच नंबर देतात. मी मुद्दाम चुकीचं विचारते, "तुमचं ते दुसऱ्या मजल्यावरचं घर ना?" खरा मालक लगेच सुधारतो, मित्र "हो हो" म्हणतो. मग विचारते, पुन्हा ठेवाल का? "तसा बरा होता" असं उत्तर आलं की मी दुसरं माणूस बघते.

आणि रोखठोक, माझ्या घराची सगळ्यात जास्त नासधूस एका चौकोनी कुटुंबानेच केली होती. नोकरी करणाऱ्या तीन मुलींनी घर आरशासारखं ठेवलं. पगारातून भाडं झेपतंय का, ते बघा.

वरचा मजला: हिशोब लिहायला घेतला. पण भाडेकरू म्हणतो, बाकी डिपॉझिटमधून वळती करा.

जुनी किल्ली: नाही म्हणा, तेही लेखी. डिपॉझिट आत्ताच संपलं तर जाताना फुटलेल्या बेसिनचे पैसे कोणाकडे मागणार?